पोटगीची वसुली कोणी करावयाची?

(व्याख्यानाचा संपादित मजकूर)



'नांदणे' आणि 'नांदवणे' ही दोन क्रियापदे एकाच धातूपासून झालेली असली, तरी त्यांच्यात सत्तेचे मोठे अंतर आहे. स्त्री नांदते आणि पुरुष तिला नांदवतो. पोटगीचा अर्ज न्यायालयात दाखल झाला, की नवऱ्याच्या लेखी जबाबात एक वाक्य हमखास आढळते : 'गैरअर्जदार अर्जदारास नांदविण्यास आजही तयार आहे.' वरवर पाहता हे वाक्य समजूतदारपणाचे वाटते. परंतु त्याचा आर्थिक अर्थ असा, की अन्न, वस्त्र आणि मुलांची फी मिळेल. मात्र ती माझ्या छपराखाली, माझ्या अटींवर. ज्या छपराखालून ती स्त्री निघाली, तेथे ती का राहू शकली नाही, हा प्रश्न त्या वाक्यात कोठेच येत नाही.

घरातील जुलूम म्हटला की आपले लक्ष मारहाणीकडे जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु हात न उगारताही स्त्रीला पूर्ण परतंत्र करता येते. भाजीसाठी दिलेल्या शंभर रुपयांचा संध्याकाळी पैपैचा हिशोब मागितला जातो. पासबुक तिच्या नावाचे असते आणि एटीएम कार्ड त्याच्या खिशात असते. 'घराकडे दुर्लक्ष होते' असे सांगून नोकरी सोडावयास लावली जाते. बचत गटातून तिच्या नावाने उचललेले कर्ज त्याच्या कामी येते आणि हप्ता तिच्या माथी राहतो. दागिने सासूच्या कपाटात जातात किंवा सोनेतारणात अडकतात. अशी स्त्री एक दिवस मुलाला घेऊन बाहेर पडते, तेव्हा तिच्याजवळ एसटीच्या भाड्यापुरते पैसे असतात आणि रेशनकार्डावरचे नाव नवऱ्याच्या घरी राहिलेले असते. तिने इतकी वर्षे 'सहन का केले' असे विचारणाऱ्यांनी हा ताळेबंद आधी मांडून पाहावा.

कायद्याने हे वास्तव उशिरा का होईना, ओळखले आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा अधिनियम २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. त्याने शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक छळाच्या बरोबरीने आर्थिक छळालाही हिंसाचार म्हटले. हक्काचा पैसा रोखणे, स्त्रीधन बळकावणे, घरात राहण्यास अटकाव करणे ही कृत्ये त्या व्याख्येत येतात. विवाहसदृश संबंधात राहिलेल्या स्त्रीलाही त्याचा आधार आहे. हा कायदा वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. घरात असताना पैसा रोखणे ही जर हिंसा असेल, तर घर सोडल्यानंतर न्यायालयाने मंजूर केलेली पोटगी महिनोन्‌महिने न देणे, हे त्याच हिंसेचे पुढचे पर्व आहे. नवऱ्याच्या हाताची लांबी आता तारखांनी मोजावयाची, एवढाच काय तो फरक.

हा प्रश्न मूठभर स्त्रियांचा नाही. २०११ च्या जनगणनेत घटस्फोटित स्त्रियांपेक्षा विभक्त राहणाऱ्या स्त्रियांची संख्या दुपटीहून अधिक भरली. म्हणजे ज्यांचा संसार मोडला, पण ज्यांच्या हाती कोणताही निवाडा नाही, अशा स्त्रियांचाच वर्ग मोठा आहे. आपल्या महाराष्ट्रात त्यांना परित्यक्ता म्हणतात, आणि गावात याहून कठोर शब्द वापरला जातो : टाकलेली. १९८० च्या दशकात संगमनेर परिसरातून समाजवादी विचारांच्या कार्यकर्त्यांनी या स्त्रियांना संघटित केले, तेव्हा विधवेला जेवढी सहानुभूती मिळते तेवढीही या स्त्रियांच्या वाट्याला येत नाही, हे प्रथमच उघडपणे बोलले गेले.

पोटगीच्या कायद्याचा इतिहास पाहिला, तर त्याच्या उणिवांचे मूळ सापडते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ४८८ वे कलम स्त्रीला संसारातील वाटा देण्यासाठी जन्मले नव्हते. टाकलेली बायको व पोरे निराश्रित होऊन रस्त्यावर येऊ नयेत, सार्वजनिक व्यवस्थेवर त्यांचा भार पडू नये, हा त्यामागचा हेतू होता. म्हणून रकमेला मर्यादा होती : आरंभी महिना ५० रुपये आणि १९५५ च्या दुरुस्तीनंतर ५०० रुपये. १९७३ ची नवी संहिता १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली, १२५ वे कलम आले आणि घटस्फोटितेचाही 'पत्नी' या शब्दात समावेश झाला; परंतु ५०० चा आकडा तसाच राहिला. १९७८ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही मर्यादा पत्नी व प्रत्येक मूल यांना स्वतंत्रपणे लागू होते, असा उदार अर्थ लावला. केंद्रीय कायद्यातून ती मर्यादा गेली मात्र २००१ साली. १९५५ ते २००१ या ४६ वर्षांत पगार वाढले, महागाई भत्ते वाढले, धान्याचे आधारभाव वाढले. टाकलेल्या बायकोच्या भाकरीची कमाल किंमत तेवढी संसदेने गोठवून ठेवली.

शाहबानो प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. त्यातील आकडे मात्र फार थोड्यांच्या स्मरणात आहेत. १९३२ साली विवाह झालेल्या या स्त्रीला १९७५ साली घराबाहेर काढण्यात आले. नवरा इंदूरचा नावाजलेला वकील. दंडाधिकाऱ्याने १९७९ साली तिला महिना २५ रुपये मंजूर केले. उच्च न्यायालयाने १९८० साली ती रक्कम १७९ रुपये २० पैसे केली. या रकमेविरुद्ध तो वकील सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २३ एप्रिल १९८५ रोजी हरला. पुढे १९८६ चा कायदा आला, २००१ साली दानियल लतिफी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्याचा स्त्रियांना अनुकूल अर्थ लावला, आणि जुलै २०२४ मध्ये घटस्फोटित मुस्लिम स्त्रीलाही १२५ व्या कलमाचा मार्ग खुला असल्याचे त्याच न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले. या चार दशकांत धर्म आणि राजकारण यांवर पुष्कळ शाई खर्च झाली. ४३ वर्षांच्या संसाराची किंमत महिना २५ रुपये कोणत्या हिशोबाने ठरली, हा प्रश्न मात्र कोणी धसास लावला नाही. तो प्रश्न सर्व धर्मांच्या स्त्रियांचा होता आणि आहे.

तो हिशोब का चुकतो? कारण घरातील श्रमाला आपल्या अर्थव्यवहारात भाव नाही. २०२४ च्या राष्ट्रीय काळ-वापर सर्वेक्षणानुसार घरकामात गुंतलेली स्त्री त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देते आणि पुरुष ८८ मिनिटे. हे काम बिनमोलाचे आहे. तथापि ते निरुपयोगी नाही. नवरा सकाळी डबा घेऊन कारखान्यात वेळेवर पोहोचतो, त्यात या २८९ मिनिटांचा वाटा असतो. अपघात-भरपाईच्या दाव्यांत सर्वोच्च न्यायालयाने २०१० आणि २०२१ साली गृहिणीच्या श्रमाला आर्थिक मूल्य आहे, असे निःसंदिग्धपणे म्हटले. म्हणजे गृहिणी मोटारीखाली सापडून मेली, तर तिच्या कामाचे पैसे मोजता येतात. ती जिवंतपणी घराबाहेर पडली, की तेच काम हिशोबातून नाहीसे होते आणि तिची मागणी 'फुकट बसून खाण्याची' ठरते. पोटगीकडे पाहण्याची दृष्टी येथेच बदलावयास हवी. ज्या वर्षांत नवऱ्याची नोकरी पक्की झाली, बढती मिळाली, घर उभे राहिले, त्या वर्षांत स्त्रीने स्वतःची कमाईची क्षमता गमावली. पोटगी हे त्या वर्षांचे देणे आहे.

कायदा कागदावर आता बराच सुधारला आहे, हे मान्य केले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून जुन्या १२५ व्या कलमाची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १४४ व्या कलमाने घेतली आहे. अंतरिम पोटगीचा अर्ज नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढावा, असे कलमच सांगते. स्त्री जेथे राहते तेथे, म्हणजे माहेरच्या तालुक्यातही, अर्ज करता येतो. 'स्वतःचा निर्वाह करण्यास असमर्थ' याचा अर्थ ती भिकेला लागलेली असावी असा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगितले. कमावण्याची पात्रता असणे आणि प्रत्यक्ष कमावणे या भिन्न गोष्टी आहेत, हे २०१७ साली सांगितले. पहिला विवाह लपवून दुसरीशी लग्न करणाऱ्याला त्या लबाडीचा फायदा घेऊन पोटगी चुकवता येणार नाही, असे २०१३ साली महाराष्ट्रातीलच एका प्रकरणात ठरले. आणि 'नांदविण्यास तयार' या युक्तिवादाबाबत जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने निर्णय दिला, की नवऱ्याने पत्नीला परत बोलावण्याचा हुकूमनामा मिळवला आणि ती गेली नाही, एवढ्यावरून तिची पोटगी बंद होत नाही. न जाण्यास पुरेसे कारण होते की नाही, हे पाहावे लागते.

मग अडते कोठे? दोन ठिकाणी : उत्पन्न सिद्ध करण्यात आणि आदेशाची वसुली करण्यात.

नवरा सरकारी नोकर असेल, तर पगारपत्रक मिळू शकते. परंतु तो दुकानदार असेल, ठेकेदार असेल, बागायतदार असेल, तर न्यायालयासमोर तो अचानक दरिद्री होतो. सातबारा वडिलांच्या नावावर निघतो, ट्रॅक्टर भावाच्या नावावर निघतो, आणि ज्या स्त्रीला घरात पासबुकाला हात लावण्याची मुभा नव्हती, तिच्याकडून त्याच्या उत्पन्नाचा पुरावा मागितला जातो. यावर सर्वोच्च न्यायालयाने ४ नोव्हेंबर २०२० रोजी उपाय दिला. दोन्ही पक्षांनी उत्पन्न, मालमत्ता, कर्जे व खर्च यांचे तपशीलवार प्रतिज्ञापत्र द्यावे. शेतकरी कुटुंबांसाठी वेगळा नमुना असावा. आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून मंजूर व्हावी. ते प्रकरण नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून आले होते. २०१३ चा अर्ज, २०१५ चा अंतरिम आदेश, आणि २०२० साली त्याच अंतरिम रकमेची थकबाकी सर्वोच्च न्यायालयापुढे! साठ दिवसांच्या मुदतीचे हे वास्तव.

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. आदेश झाला तरी पैसे घेऊन कोणी दारात येत नाही. रक्कम थकली, तर स्त्रीनेच पुन्हा अर्ज करावयाचा, वॉरंट काढावयाचे, ते बजावले जाते की नाही हे पोलीस ठाण्यात जाऊन पाहावयाचे. आणि हे सर्व रक्कम देय झाल्यापासून एका वर्षाच्या आत. समजा, एका शेतमजूर स्त्रीला महिना ३,००० रुपये मंजूर झाले. तालुक्याच्या एका तारखेस तिची ४०० रुपये मजुरी बुडते आणि २०० रुपये भाडे-चहापाण्यात जातात. पंधरा तारखा झाल्या तर ९,००० रुपये, म्हणजे तीन महिन्यांची पोटगी, न मिळालेल्या पोटगीच्या पाठलागातच संपली. शिवाय कलमात थकबाकीवर व्याजाची तरतूद नाही. देणे लांबवणारा नवरा वस्तुतः आपल्या टाकलेल्या बायकोकडून बिनव्याजी कर्ज घेत असतो, आणि महागाई त्या कर्जाचे मूल्य दरमहा कमी करीत असते. जो शहाणा हिशोबी आहे, त्याने पोटगी लांबवावी, अशीच ही व्यवस्था त्याला सुचवते.

याची तुलना दुसऱ्या थकबाकीशी करून पाहावी. सहकारी पतसंस्थेचे कर्ज थकले, तर १९६० च्या सहकारी संस्था अधिनियमाच्या १०१ व्या कलमाखाली वसुलीचा दाखला मिळतो, वसुली अधिकारी दारात येतो आणि जप्तीची नोटीस लागते. तेथे संस्थेच्या पाठीशी शासनयंत्रणा उभी आहे. पोटगीची रक्कमही दंडाप्रमाणे वसूल करता येते, आणि दंडाच्या वसुलीत जिल्हाधिकाऱ्यामार्फत जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली करण्याचा मार्ग कायद्यात आहे. २००५ च्या अधिनियमाच्या २० व्या कलमाखाली दंडाधिकारी नवऱ्याच्या मालकाला पगारातून रक्कम थेट स्त्रीला देण्याचा आदेश देऊ शकतो. अस्त्रे आहेत, ती चालवण्याचे काम मात्र सर्वांत दुर्बळ हातांवर टाकलेले आहे.

शासन या स्त्रीसाठी काहीच करीत नाही असे नाही. संजय गांधी निराधार योजनेत परित्यक्ता व घटस्फोटित स्त्रियांचा समावेश आहे आणि २०२३ साली तिचे मासिक साहाय्य १,००० वरून १,५०० रुपये झाले. २०२४ च्या लाडकी बहीण योजनेतही परित्यक्तांचा उल्लेख आहे. ही मदत हवीच. परंतु 'निराधार' हा शब्द तपासून पाहावा. जिचा कमावता नवरा जिवंत आहे, जिच्या श्रमावर त्याचे घर उभे राहिले, ती निराधार नाही. तिचे देणे कोणीतरी बुडवले आहे. नवऱ्याचे देणे करदात्यांनी अंशतः भरावे आणि नवऱ्याने मोकळे राहावे, हा कोणता न्याय?

इतर देशांनी यातून वाट काढली आहे. स्वीडनमध्ये १९३७ पासून आणि जर्मनीत १९८० पासून मुलाच्या निर्वाहाची रक्कम शासन आधी देते व नंतर देणेकऱ्याकडून वसूल करते. ही उदाहरणे श्रीमंत देशांची म्हणून बाजूला सारणाऱ्यांनी ट्युनिशियाकडे पाहावे. त्या देशाने १९९३ साली पोटगी हमी निधी स्थापन केला. न्यायालयाचा आदेश असूनही रक्कम मिळत नसेल, तर घटस्फोटित स्त्रीला व तिच्या मुलांना निधीतून पैसे मिळतात, आणि वसुलीच्या मागे शासन लागते.

मालमत्तेच्या बाबतीत तर उदाहरण शेजारीच आहे. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेच्या परंपरेनुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर पती-पत्नींची मालमत्ता सामाईक मानली जाते आणि दोघांचा निम्मा निम्मा हिस्सा असतो. स्थावर मालमत्ता विकावयाची तर पत्नीची संमती लागते. व्यवहारात तेथेही पुरुषांचा वरचष्मा राहतो. परंतु विभक्त होणारी स्त्री तेथे मागणारी नसून हिस्सेदार असते. देशाच्या इतर भागांतील पत्नीला पतीच्या निवासी घरात वाटा देण्याची तरतूद असलेले विवाहविषयक दुरुस्ती विधेयक ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेने संमत केले. लोकसभेत ते संमत झाले नाही आणि विषय मागे पडला.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की काही स्त्रिया खोटे अर्ज करतात, कमावत्या असून पोटगी मागतात. असे घडत नाही, असे कोणी म्हणू नये. परंतु त्यावरचा उपाय २०२० च्या निर्णयातच आहे. प्रतिज्ञापत्र दोघांनीही द्यावयाचे आहे, आणि खोटे लिहिणारा पुरुष असो वा स्त्री, त्याला कायदा सारखाच आहे. उत्पन्न उघड करण्याचा आग्रह धरणाऱ्या व्यवस्थेची भीती खोट्या अर्जदारालाच वाटेल. या आक्षेपाच्या आड खऱ्या अर्जदारांची वसुली थांबवता येणार नाही.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. राज्याने जिल्हावार पोटगी हमी निधी उभारावा. आदेशानंतर दोन महिने रक्कम न आल्यास ती निधीतून द्यावी आणि निधीने जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे नवऱ्याकडून सव्याज वसूल करावी. पगारदारांच्या बाबतीत कपात थेट पगारातून व्हावी. सरकारी नोकराचा महागाई भत्ता ज्या निर्देशांकाशी जोडलेला आहे, त्याच्याशी पोटगी जोडावी, म्हणजे वाढीसाठी दर दोन वर्षांनी नवा अर्ज करावा लागणार नाही. आणि संसारात मिळवलेल्या मालमत्तेत पत्नीचा हिस्सा कायद्याने मान्य व्हावा.

हे कायदे होईपर्यंत कार्यकर्त्यांनी स्वस्थ बसण्याचे कारण नाही. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमानुसार स्त्रीला, तिचे उत्पन्न काहीही असले तरी, मोफत वकील मिळतो. तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीपर्यंत तिला नेऊन पोहोचवणे, हे कोणत्याही शाखेला जमण्यासारखे काम आहे. लग्नाचा पुरावा, मुलांचे जन्मदाखले, नवऱ्याच्या दुकानाचा परवाना, वाहनाचा क्रमांक, कुटुंबाच्या जमिनीचे उतारे ही कागदपत्रे तिच्याबरोबर बसून गोळा करावीत. २००५ च्या अधिनियमाखालील संरक्षण अधिकारी कोण आहे, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहावे. वसुलीच्या अर्जाची एक वर्षाची मुदत चुकू नये म्हणून तिची नोंद ठेवावी. आणि तारखेच्या दिवशी तिच्याबरोबर कोणीतरी जावे. समोरच्या बाकावर नवऱ्याकडचे सहा-सात जण बसलेले असतात. तिच्या बाकावर निदान एक माणूस असावा.